पट्टी की स्लॉट?

बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळीच. घरात पहिला संशय मॉनिटरवर जातो. खरं तर कॉम्प्युटर चालू होताना मदरबोर्डावरचा बायोस हा प्रोग्राम आधी रॅम तपासतो आणि स्क्रीनवर चित्र दाखवायचं काम त्यानंतर हाती घेतो. रॅम नापास झाली तर त्याला सांगायला उरतो फक्त बीप. एएमआय बायोसच्या जुन्या बोर्डांवर तीन आखूड बीप, अवॉर्डमध्ये लांब बीप पुन्हा पुन्हा. नव्या बोर्डांवर बहुधा स्पीकरच नसतो. काहींवर ‘डीरॅम’ लिहिलेला बारका दिवा पेटून राहतो. डीडीआर५ नवी बसवली असेल तर मात्र काही मिनिटं थांबावं. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते.

प्लग काढून बटण एकदा दाबून धरायचं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. मग कॅबिनेटच्या धातूला हात लावून घ्यायचा आणि रॅमची पट्टी काढायची. डीडीआर४ च्या पट्टीला २८८ पिना असतात. कोकणातल्या पावसाळ्यात त्यांच्यावर दमट धुळीचा थर बसतो. खोडरबराने हलक्या हाताने पुसलं की सोनेरी रंग पुन्हा उजळतो. मुलामा फार पातळ असतो, त्यामुळे जोर लावायचा नाही, आणि रबराचा भुगा पूर्ण झटकायचा. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर तर मारूच नये, ओलावा आत जातो. मऊ ब्रश पुरे.

तरीही सुरू होत नसेल, तर खरी चिकाटी इथून पुढे लागते. एका वेळी एकच पट्टी, एकाच स्लॉटमध्ये. पट्टी टक् आवाज येईपर्यंत दाबायची, चालू करून बघायचं, मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये. नंतर दुसरी पट्टी, त्याच क्रमाने. बिघाड पट्टीबरोबर फिरला तर दोष पट्टीचा. एकाच स्लॉटपाशी अडला तर बोर्डाचा. हे न बघता नवी रॅम विकत घेणं मला पटत नाही. दोष स्लॉटचा असेल तर नवी पट्टीही तिथे चालणार नाही.

कॉम्प्युटर सुरू झाला तरी मी पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवतो. लाल अक्षरांत चुका दिसू लागल्या, तर ती पट्टी विंडोज नीट चालत असलं तरी काढून ठेवतो. अशा रॅममुळे फोटो आणि हिशेबाच्या फायली सेव्ह होतानाच बिघडतात, आणि ते कळतं महिन्यांनी, फाइल उघडायला गेल्यावर.