तूप की खारं बटर?

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली बिस्किटं खारवलेल्या बटरशिवाय होत नाहीत. राजेशाहीच्या काळात तिथे मिठावरचा कर नव्हता. मीठ स्वस्त, म्हणून लोणी खारवायची रीत पडली. इंदूरजवळच्या हातोदला कुणी ती बिस्किटं घरी करू म्हटलं, तर बटरऐवजी तेवढंच तूप तोलून घालणं चुकीचं, आणि नानकटाईत तुपाऐवजी तेवढंच बटर घालणं त्याहून चुकीचं. बटरमध्ये स्निग्धांश साधारण 80 टक्के, पाणी 16 टक्क्यांच्या आसपास. तुपात पाणी जवळपास नाहीच. पाणी मैद्यातल्या प्रथिनांना भेटलं की ग्लुटेनचे चिवट धागे बनतात. तूप पिठाच्या कणांवर लेप चढवून ते होऊ देत नाही, म्हणून नानकटाई तोंडात विरघळते.

मग ब्रिटनीची बिस्किटं चिवट का होत नाहीत? कारण तिथे बटर भरपूर, पाणी धरून ठेवणारी साखर जोडीला, आणि पीठ मळत नाहीत, नुसतं गोळा करतात. चवीचा आक्षेप मात्र रास्त आहे: बटरमधल्या दुधाच्या घटकांमुळे येणारा खरपूस रंग आणि वास कढवून गाळलेल्या तुपाला तितका साधत नाही. शिवाय माळव्याच्या मे महिन्यात तूप पातळ होतं. पातळ तूप फेसून हवा धरत नाही, बिस्किटं पसरतात. तेव्हा 100 ग्रॅम बटरऐवजी 80 ग्रॅम थिजलेलं तूप, चमचाभर दूध आणि दोन चिमूट मीठ घ्या; गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच भट्टीत घाला.