भाड्याची जागा, भाड्याचे तास

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या धारूरला दोन गोष्टी एकदमच होतात. बालाघाटच्या डोंगरात सीताफळे डोळे उघडतात आणि ऊसतोडीला निघालेल्या मंडळींच्या गाड्या भरू लागतात. बायका, पोरे, पातेली, अंथरुणे, सारे काही ट्रॅक्टरवर चढते. बिऱ्हाड पाठीवर घेणे म्हणजे काय, हे आमच्या तालुक्याला कुणी शिकवायला नको. मी मात्र मराठीचा प्राध्यापक असूनही तो शब्द यंदाच शिकलो.

चिरंजीवांना मुंबईत, फोर्टातल्या एका कचेरीत नोकरी लागली. फोन आला, "बाबा, जागा पाहायला या. घरमालक वडीलधाऱ्या माणसाशी नीट बोलतात." वडीलधारे म्हणून मिरवायची संधी कोण सोडतो? रात्रभर एस.टी.त हाडे खिळखिळी करून घेऊन मी कल्याणला उतरलो.

पहिली जागा बदलापूरला. स्वयंपाकघर, बाहेरची खोली, आतली खोली. भाडे ९,००० रुपये, अनामत ३०,०००. दुसरी डोंबिवलीला, तेवढीच. फक्त शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आपल्याच घरात मोजता याव्यात इतकी दाटीची. भाडे १४,०००, अनामत ५०,०००. दलालाला दोन्हीकडे एका महिन्याचे भाडे. म्हणजे डोंबिवलीच्या घरात पाऊल टाकण्यापूर्वी ७८,००० रुपये मोजायचे, बदलापूरला ४८,०००.

"अनामत परत मिळते हो," दलाल म्हणाला. मिळत असेल, पण आधी द्यावी लागते ना!

मग कराराची गोष्ट निघाली. एकेकाळी मुंबईत पागडी देऊन जागा घेतली, की भाडे जवळजवळ गोठलेलेच राही. १९४७ च्या कायद्याने ते १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले होते. आता ३१ मार्च २००० पासून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. नव्या बिऱ्हाडाला बहुधा अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स' करार मिळतो. तो लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा. अकरा महिन्यांचा म्हणून त्यातून सुटका नाही. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. आणि मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर दुप्पट रक्कम भरण्याची पाळी येते. वाचकहो, सही करण्यापूर्वी एवढे तरी ध्यानात ठेवा.

सूनबाईंनी बदलापूरला कौल दिला. "बाबा, महिन्याला पाच हजार वाचतील. माळवदाच्या कामाला होतील."

आमच्या घराचे माळवद तीन पावसाळे गळते आहे. ते उतरवून स्लॅब घालायचा म्हणून मी पैसे साठवतो आहे, हे तिला ठाऊक. मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी पहाटे बदलापूरहून चिरंजीवांबरोबर लोकलने निघालो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे ते ६८ किलोमीटर. डोंबिवलीला डब्यात आणखी माणसे घुसली तेव्हा मनात आले, इथून पुढे ४८ उरले. जाताना अर्धा तास, येताना अर्धा तास. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पंचवीस तास. म्हणजे एक अख्खा दिवस, रात्रीसकट! पाच हजारांना पंचवीस तास, तासाला दोनशे रुपये. भाडे दोन्हीकडे सारखेच होते म्हणायचे. एकीकडे रुपयांत, दुसरीकडे आयुष्यात.

डब्यात शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांना मी विचारले, "घरी मुले काय करतात?"

"झोपतात," ते हसून म्हणाले. "मी निघतो तेव्हाही आणि पोचतो तेव्हाही."

त्यांनी ते गमतीने म्हटले होते. मला हसू आले नाही. माझा नातू दोन वर्षांचा आहे.

संध्याकाळी आम्ही डोंबिवलीची जागा पक्की केली. अनामत मी भरली. सूनबाई म्हणाल्या, "अहो बाबा, माळवद?" मी म्हटले, "त्याला तीन पावसाळ्यांची सवय आहे, चौथाही सोसेल."

यंदा परतीचा पाऊस आला तेव्हा सौभाग्यवतींनी नेहमीच्या तीन ठिकाणी तीन पातेली मांडली. टपटप चालू असतानाच फोन वाजला. रात्रीचे साडेआठ झाले होते. पलीकडून नातवाचा आवाज आला, "आजोबा, बाबा आले!"

सौभाग्यवतींनी भरलेले पातेले अंगणात ओतले आणि पुन्हा जागेवर ठेवले. काही बोलल्या नाहीत.