संगणक घ्या, पण मोटारीसारखा हिशेब करून

दहा दिवसांचे दूध बिल काढायचा दिवस. संस्थेच्या दारात सभासद उभे आणि आत सेक्रेटरी डोक्याला हात लावून बसलेले. रात्री गेलेली लाईट पहाटे झटक्याने आली आणि संगणक जो बंद पडला तो पडलाच. हार्ड डिस्क गेली, हिशेबाची दुसरी प्रत कुठे नव्हती. सभासदांची कार्डे गोळा करून लिटर-फॅटचा मेळ घालण्यात आठवडा गेला. बिल लांबले, पेंडेची उधारी वाढली.

चौकशी केली, तर संगणक महागाचाच निघाला! काचेचा डबा, आत रंगीत दिवे, गेम खेळायचे ग्राफिक्स कार्ड. यूपीएस मात्र नव्हता. सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, दुकानदार म्हणाला भारीतला घ्या, म्हणून घेतला."

शेतकरी बंधूंनो, विहिरीला पाणी तीन एचपीपुरते असेल तर आपण साडेसातची मोटार बसवत नाही. संगणकाचेही तसेच आहे. आधी काम ठरवा, मग यंत्र पाहा.

दूध बिल, खतविक्रीच्या पावत्या, सातबारा काढणे, ऑनलाईन अर्ज भरणे ही आपली कामे. विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना केंद्राने २०२२ मध्ये मंजूर केली, तेव्हापासून त्यांचेही काम संगणकावर येऊ लागले. एवढ्याला साधा, अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर पुरतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नको. रॅम ८ जीबी घ्या आणि पुढे वाढवायला एक जागा मोकळी आहे ना, ते विचारा. साठवणीला एसएसडी घ्या. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, धक्क्याने ती बिघडते. एसएसडीत फिरणारे काही नसते आणि कामही झटपट होते.

जुना संगणक स्वस्तात मिळतो, पण जपून. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. हे न पाहता घेतलेला डबा म्हणजे दात न बघता घेतलेला बैल.

यंत्र टिकते ते निगराणीवर. यूपीएस हवाच. त्यावर तासन्‌तास काम होत नाही, पण काम जतन करून संगणक नीट बंद करण्याइतकी मिनिटे मिळतात. लेझर प्रिंटर त्याला जोडू नका, भार पेलत नाही. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. डबा जमिनीवर, पोत्यांशेजारी ठेवू नका. भुसा-धूळ आत जाऊन पंखा अडतो आणि यंत्र तापते. विजा कडाडू लागल्या की प्लग काढा, इंटरनेटची वायरही काढा.

पक्के बिल घ्या. वॉरंटी किती वर्षांची, माणूस गावात येऊन दुरुस्त करणार की यंत्र तालुक्याला न्यावे लागणार, हे लिहून घ्या. दोन हजार वाचवायच्या नादात पुढे खेपा घालाव्या लागतात.

आणि शेवटचे, पण सर्वांत मोलाचे. रोज संध्याकाळी हिशेबाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. प्रत झाली की डिस्क काढून दुसऱ्या जागी ठेवा. बियाणे आपण सगळे एकाच कणगीत ठेवत नाही ना? मग सभासदांच्या घामाचा हिशेब तरी एकाच डब्यात कशाला?