कॅप्टन पोतदार आणि पगाराची नोकरी

अच्युत पोतदार गेल्याची बातमी सोमवारी, १८ ऑगस्ट २०२५ला आली आणि दोनच मथळे सगळीकडे फिरले. एक 'थ्री इडियट्स'मधल्या वैतागलेल्या प्राध्यापकाचा, दुसरा सैन्यातल्या कॅप्टनने अभिनेता होण्याचा. पहिल्याबद्दल तक्रार नाही. सव्वाशेहून अधिक चित्रपट करणाऱ्या माणसाला लोकांनी 'कहना क्या चाहते हो?' या एका प्रश्नासाठी लक्षात ठेवावं हा सिनेमाचा जुनाच अन्याय आहे. दुसऱ्या मथळ्याने मात्र दिशाभूल होते. गणवेश उतरवून माणूस थेट कॅमेऱ्यासमोर उभा राहिला, असं चित्र त्यातून तयार होतं आणि नोकरीची २५ वर्षं गळून पडतात. पोतदारांच्या कारकिर्दीची किल्ली माझ्या मते त्या गळालेल्या वर्षांतच आहे, म्हणजे इंडियन ऑइलच्या पगारात.

हिशेब सोपा आहे. जन्म १९३४ चा, जबलपूरचा. बालपण इंदूरला, मग रीव्याच्या महाविद्यालयात शिकवणं, त्यानंतर सैन्य. १९६७ साली कॅप्टन म्हणून ते बाहेर पडले तेव्हा वय होतं अवघं ३३. अधिकाऱ्याला पेन्शन बसायला २० वर्षांची सेवा लागते, तेव्हा त्यांच्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता. सैन्याने त्यांना जन्मभर नावामागे राहील असा मान दिला, पण घरखर्च भागवला तो तेल कंपनीने. पडद्यावर ते आले चव्वेचाळिशीत. 'आक्रोश' (१९८०), 'अर्धसत्य' (१९८३), 'तेजाब' (१९८८), 'परिंदा' (१९८९) या सगळ्या काळात ते रीतसर नोकरदार होते. १९९२ मध्ये ५८व्या वर्षी निवृत्त झाले आणि ज्या वयात इतर अधिकारी सोसायटीच्या कमिटीवर जातात, त्या वयात त्यांचा कामाचा वेग वाढला. 'रंगीला', 'वास्तव', 'परिणीता', 'लगे रहो मुन्नाभाई' हे सगळं निवृत्तीनंतरचं.

यावर ठरलेला आक्षेप येतो तो शिस्तीचा. सेटवर वेळेवर येणं, संवाद पाठ असणं, छोट्या कामालाही कमी न लेखणं, हे सैन्यानेच शिकवलं असं म्हणतात. असेलही. पण वेळेवर येणारे नट गणवेश न घालताही झाले आहेत. अमरीश पुरी कर्मचारी राज्य विमा महामंडळात वर्षानुवर्षं नोकरीला होते, अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात. निळू फुले तर पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. त्यांनाही लष्करी म्हणायचं का? पोतदारांच्या ज्या प्रसंगावर देश हसला तो नीट पाहिला तर त्यात कॅप्टन कुठे दिसत नाही. वर्गात यंत्राची व्याख्या विचारलेली असते, मुलगा ती साध्या शब्दांत सांगतो, प्राध्यापकाला पुस्तकातलीच हवी असते. पुढे तोच मुलगा साध्या वहीपुस्तकाचं वर्णन बोजड शब्दांत ऐकवतो तेव्हा प्राध्यापकाचा चेहरा रागावत नाही, आधी गोंधळतो आणि मग थकतो. एकच धडा वर्षानुवर्षं शिकवलेल्या माणसाचा तो थकवा आहे. अनुभवाचंच श्रेय द्यायचं तर ते रीव्याच्या फळ्याला आणि खडूला द्यावं लागेल.

नाना पाटेकरांची गोष्ट उलट दिशेची. 'प्रहार'साठी (१९९१) त्यांनी मराठा लाईट इन्फंट्रीसोबत प्रशिक्षण घेतलं आणि कारगिलच्या वेळी प्रादेशिक सेनेच्या गणवेशात ते सीमेवर गेले. तिथे गणवेश भूमिकेतून आला. पोतदारांचा गणवेश पडद्यावर फारसा उपयोगी पडला नाही. त्यांना मिळाले ते वडील, मास्तर आणि साहेब.

हे सगळं आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात जास्त कळावं. आळ्याकडचं पारगाव घ्या की भीमाशंकर साखर कारखान्याचं, नाटका-सिनेमाचं वेड लागलेल्या पोराला घरचे एकच सांगतात, 'आधी भरती हो, मग काय ते कर.' या सल्ल्याला लोक रसिकतेचा अभाव समजतात. मला त्यात अनुभव दिसतो. जवळच नारायणगाव आहे, पाडव्याच्या सुमाराला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेची सुपारी द्यायला येतात. तिथल्याच विठाबाई भाऊ मांग. १९६२ च्या युद्धात जवानांपुढे नाचल्या-गायल्या, राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. पण पुढच्या सुपारीपलीकडे त्यांच्या पाठीशी काही नव्हतं. २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल देणगीतून भागवावं लागलं. कलेच्या उंचीने तुलना केली तर विठाबाई कुठच्या कुठे वर. फरक होता तो महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पैशाचा. ज्याला तो मिळतो त्याला भूमिका नाकारता येते, आणि चव्वेचाळिशीत पहिलं पाऊल टाकायचं धाडस परवडतं.

कोणी म्हणेल, या सुरक्षिततेनेच पोतदारांना छोट्या कामांत अडकवलं. थोडं खरं आहे. पोटाला चिमटा बसलेला नट जितका जोर लावतो तितका कदाचित त्यांनी लावला नसेल, आणि नायकाचं वय तर नोकरीतच गेलं. पण लांबीही मोजायला हवी. २०२० मध्ये 'माझा होशील ना' मालिकेत अप्पा साकारताना ते ८५ च्या पुढे होते, आणि त्याच वर्षी करोनामुळे ६५ वर्षांवरच्या कलाकारांना चित्रीकरणाची मनाई झाली, जी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. भुकेच्या जोरावर आलेले किती नट तिथवर पोचतात?

म्हणूनच 'आधी भरती हो' हा सल्ला आता तपासून पाहायला हवा. २०२२ पासून जवानाची भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांची झाली आहे. त्यातले २५ टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होणार, बाकीचे साधारण पावणेबारा लाखांचा सेवा निधी घेऊन पेन्शनविना घरी येणार. पहिल्या तुकड्यांची मुदत २०२६ च्या अखेरीस भरू लागेल. पारगावचा पंचविशीतला अग्निवीर परतला आणि त्याला नटच व्हायचं असेल, तर त्याच्याकडे पोतदारांसारखा गणवेश असेल, पण इंडियन ऑइल त्याला स्वतःच शोधावी लागेल.