पिशवीतला शहाणपणा

कांगारूचे पिल्लू अर्धवट अवस्थेत जन्मते, म्हणजे हा प्राणी उत्क्रांतीत मागे पडलेला, असा समज अजून टिकून आहे. त्यामागे मोठी नावेही आहेत. १८८० मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्स्ले यांनी सस्तन प्राण्यांच्या तीन पायऱ्या मांडल्या आणि पिशवीवाल्यांना मधल्या पायरीवर बसवले. पण तांबड्या कांगारूच्या मादीचे बाळंतपण नीट पाहिले, तर ही पायरी पटत नाही. गर्भ पोटात राहतो तो जेमतेम ३३ दिवस. जन्मलेले पिल्लू एक ग्रॅमहूनही हलके, घेवड्याच्या दाण्याएवढे असते. डोळे मिटलेले, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब, पण पुढचे पाय मजबूत. त्यांनी आईची लव धरत ते एकटेच पिशवी गाठते आणि सड तोंडात धरते. सड तोंडात फुगतो आणि पिल्लू कित्येक आठवडे त्याला चिकटून राहते. इकडे आईला पुन्हा गर्भ राहिलेला असतो, मात्र पिशवीत पिणारे पिल्लू आहे तोवर त्याची वाढ थांबून राहते. बाहेर बागडणारे मोठे पिल्लूही अधूनमधून डोके आत घालून पिते. त्याच्या सडाला दाट, स्निग्ध दूध येते आणि शेजारच्याच सडाला तान्ह्यासाठी पातळ. दुष्काळात दूध आटून पिशवीतले पिल्लू दगावले, तर थांबलेला गर्भ वाढू लागतो. दुष्काळ फारच लांबला, तर मादी माजावर येणेही थांबते. एक ग्रॅमच्या पिल्लावर आईचे फारसे काही खर्ची पडलेले नसते. नऊ महिने गर्भ वागवणाऱ्या गाईला ही मोकळीक नाही.

यावर आक्षेप येतो, की दक्षिण अमेरिकेच्या दमट जंगलांतही पिशवीवाले प्राणी आहेत, मग पिशवीचा दुष्काळाशी संबंध काय? आक्षेप रास्त आहे. पिशवी ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटांहून कितीतरी जुनी आहे. पण ती कशी आली हा एक प्रश्न आणि बेभरवशाच्या पावसात ती किती उपयोगी पडते हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर कांगारूंनी कधीच दिले आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. पिशवी इतकी कामाची, तर वॉलबींच्या काही जाती नष्ट का झाल्या? वॉलबी म्हणजे कांगारूचेच लहान चणीचे भाऊबंद. दोघांत फरक मुख्यतः आकाराचा. पिशवी दोघांनाही आहे, तरी मोठे कांगारू आज कोट्यवधी आहेत आणि टूलाची वॉलबी विसाव्या शतकात कायमची गेली. तेव्हा दोष पिशवीचा नाही. युरोपातून आणलेली खोकडे, मोकाट मांजरे, कातड्यासाठी झालेली शिकार आणि तोडलेली झाडी यांनी लहान चणीच्यांना आधी गाठले. नखशेपटी वॉलबीची एक जातही संपली असे धरले होते. १९७३ मध्ये क्वीन्सलंडमधल्या कुंपण घालणाऱ्या एका कामगाराने मासिकातले तिचे चित्र ओळखले आणि ती जिवंत असल्याचे कळले. तिच्यासाठी तिथे टाँटन राष्ट्रीय उद्यान राखले गेले. खोकडे आणि मांजरे आवरली तरच ती तिथे टिकेल.