स्तोत्रांच्या सोबतीने – भाग ७ : गाऱ्हाणं घेऊन देवापुढे

गेल्या आठवड्यात आपण स्तोत्र १०३ वाचलं. देवाच्या उपकारांची उजळणी करणारं ते स्तोत्र बऱ्याच जणांना तोंडपाठ असतं, त्यामुळे त्यावर फार काही समजावून सांगावं लागलं नाही. या आठवड्यात मात्र ज्या पानांवरून आपण भराभर पुढे जातो तिथे थांबायचं आहे. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. देव कुठे आहे, तो बोलत का नाही, त्याने पाठ का फिरवली, असं त्यालाच तोंडावर विचारणारी. शास्त्राचा एवढा मोठा भाग, पण रविवारच्या उपासनेत, भिंतीवरच्या वचनांच्या कॅलेंडरवर किंवा सकाळी मोबाइलवर येणाऱ्या वचनांत तो क्वचितच दिसतो. वचन निवडणारा साहजिकच दिलासा देणारी ओळ निवडतो. मग फिरून फिरून स्तोत्र २३, ९१ आणि १२१. ही तिन्ही मला फार प्रिय आहेत. पण रोजची भक्ती एवढ्यावरच पोसली गेली, तर दुःखाच्या दिवशी माणूस देवापुढे मुका होतो. हे मी मंडळीत पुष्कळदा पाहिलं आहे, म्हणून आजचा भाग विलापाच्या स्तोत्रांसाठी.

स्तोत्र १३ पासून सुरुवात करू. सहाच वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत कवी एकच प्रश्न चार वेळा विचारतो : हे कुठवर चालायचं? देव मला विसरला आहे का? तो तोंड का लपवतो? जिवाला लागलेला हा घोर कधी सरणार? शत्रूचा वरचष्मा किती दिवस सोसायचा? प्रश्नांचा रोख कसा बदलत जातो पाहा. आधी देवाकडे, मग स्वतःच्या मनाकडे, मग बाहेरच्या माणसाकडे. संकटात आपलीही अशीच तिन्ही बाजूंनी कोंडी होते. तिसऱ्या-चौथ्या वचनांत मागणं आहे : माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत तेज येऊ दे, नाहीतर मला मरणाची झोप लागेल. आणि शेवटच्या दोन वचनांत एकाएकी भरवसा, आनंद, गाणं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेर्मान गुंकेल या जर्मन अभ्यासकाने स्तोत्रांचे प्रकार पाडले, तेव्हा विलापाच्या बहुतेक स्तोत्रांचा सांगाडा साधारण असाच असल्याचं दाखवून दिलं. देवाला हाक, गाऱ्हाणं, मागणं, भरवसा आणि शेवटी स्तुतीचा नवस. क्रम थोडा मागेपुढे होतो, पण हे भाग बहुतेक सगळीकडे सापडतात.

कोडं आहे ते चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मधल्या जागेत. तिथे झालं तरी काय? शत्रू गेला, दुखणं बरं झालं, असं काहीच सांगितलेलं नाही, आणि तरी सूर पालटतो. गुंकेलचे शिष्य योआखिम बेग्रिख यांनी १९३४ साली याचं एक उत्तर सुचवलं. मंदिरात दुःखी माणसाचं गाऱ्हाणं ऐकल्यावर याजक देवाच्या वतीने त्याला अभयवचन देत असावा. स्तोत्रात ते वचन नोंदलेलं नाही, त्यानंतरचा पालट तेवढा नोंदला गेला. हे मत सगळ्यांना पटलेलं नाही. मला मात्र ते वाचल्यावर पहिल्या शमुवेलाच्या पहिल्या अध्यायातली हन्ना आठवते.

हन्नाला मूल नाही. दरवर्षी एलकाना घरच्यांना घेऊन शिलोला यज्ञ करायला जातो, आणि दरवर्षी तिथे सवत पनिन्ना तिला टोचून बोलते. हन्ना रडते, जेवत नाही. नवरा समजूत घालतो, पण ती समजूत तिच्या दुःखापर्यंत पोचत नाही. शेवटी ती उठून एकटीच परमेश्वरापुढे जाते. तिचे ओठ हलतात, पण आवाज फुटत नाही. मंदिराच्या दारापाशी बसलेल्या म्हाताऱ्या एली याजकाला वाटतं, ही प्यायलेली आहे, आणि तो तिला दटावतो. इथेच ती गप्प बसली असती, तर कुणी तिला बोल लावला नसता. पण ती त्याला नीट सांगते, की मी दारू घेतलेली नाही, माझ्या जिवातलं सगळं मी परमेश्वरापुढे ओतते आहे. मग एली तिला शांतीने जायला सांगतो आणि देव तुझं मागणं पुरं करो म्हणतो. हन्ना परत येते, जेवते, आणि तिचा चेहरा पूर्वीसारखा उदास राहत नाही. शमुवेलाचा जन्म अजून पुढे आहे. तिच्या हाती काहीही आलेलं नाही. तिचं गाऱ्हाणं ऐकलं गेलं आहे, एवढंच झालं आहे. स्तोत्र १३ मधली ती मधली जागा मला या गोष्टीत डोळ्यांसमोर दिसते.

आमच्याकडे घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभांत साक्ष देण्याची पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. कुणाला नोकरी मिळते, कुणाचं ऑपरेशन नीट पार पडतं, ती माणसं उठून देवाचे आभार मानतात. पण ज्यांचं मागणं वर्षानुवर्षं तसंच पडून आहे, ती सतरंजीच्या कडेला गप्प बसलेली असतात. अशाच एका सभेत एका बाईंची विचारपूस झाली. त्यांच्या घरी मोठं आजारपण चालू होतं. “प्रभूची कृपा आहे, सगळं ठीक आहे,” एवढं म्हणून त्यांनी पदर सावरला. सभा संपल्यावर स्वयंपाकघरात आम्ही दोघी चहाचे कप विसळत होतो, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “ताई, मला आता प्रार्थनेला बसवत नाही. बसलं की तोंडातून भांडणच निघतं. मग पाप नको म्हणून उठते.” मी ओले हात पुसून तिथेच त्यांना स्तोत्र १३ वाचून दाखवलं. त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, ती दोन वचनं पुन्हा स्वतः वाचली आणि विचारलं, “हे शास्त्रातच आहे?” उभा जन्म मंडळीत गेलेल्या बाईंना हा प्रश्न पडावा, याला त्या जबाबदार नाहीत. त्यांच्या कानांवर हे कधी आलंच नव्हतं.

खरं तर मराठी माणसाला देवाशी भांडणं नवीन नाही. जनाबाईने विठोबाला हक्काने बोल लावले, नामदेव त्याच्यावर रुसले, तुकोबांनी तर त्याला सरळ जाब विचारला. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते मोकळेपणाने सांगत. त्यांच्यामुळे अभंगाची सलगी आपल्या उपासनेतल्या गाण्यांत आली. प्रार्थनेला डोळे मिटले की मात्र आपण मोठ्या साहेबापुढे अर्ज घेऊन उभं राहावं तसे बोलू लागतो. जपून आणि ठरावीक शब्दांत. स्तोत्रकर्ते असं बोलत नाहीत. त्यांच्या भांडणाला आधार आहे तो कराराचा. अब्राहामाला दिलेला शब्द, सीनाय डोंगरावर बांधलेलं नातं, वाडवडिलांना मिसरातून बाहेर काढल्याची आठवण, हे सगळं ते देवापुढे मांडतात आणि विचारतात, मग आता काय झालं? ज्याने शब्दच दिलेला नाही, त्याच्याकडे कुणी असं गाऱ्हाणं नेत नाही. म्हणून मला विलापाची स्तोत्रं अविश्वासाची वाटत नाहीत. विश्वास नसता तर एवढं बोलण्याचं कारणच उरलं नसतं.

आता सगळ्यांत अवघड स्तोत्राकडे येऊ. स्तोत्र ८८, कोरहपुत्रांचं, हेमान एज्राही याच्या नावावर असलेलं. यात १३ व्या स्तोत्रातल्यासारखा पालट येत नाही. कवी म्हणतो, मी तरुणपणापासून मरणाच्या दारात आहे, तू माझ्या ओळखीच्यांना माझ्यापासून दूर केलंस, मेलेले उठून तुझी स्तुती करतील का? आणि स्तोत्र अंधारात संपतं. भरवसा नाही, नवस नाही. समजूत काढायला शेवटी एखादं वचन जोडावं, असं कुणालाच वाटलं नाही, आणि ज्यांनी स्तोत्रांचा संग्रह केला त्यांनीही ते तसंच ठेवलं. या प्रामाणिकपणाबद्दल मी त्यांची फार ऋणी आहे. पण स्तोत्र पुन्हा वाचलं की आणखी एक गोष्ट दिसते. हा माणूस सुरुवातीलाच देवाला आपल्या तारणाचा देव म्हणून हाक मारतो. आपण रात्रंदिवस आरोळी करतो, रोज हात पसरतो, सकाळी आपली प्रार्थना त्याच्यापुढे येते, असंही सांगतो. उत्तर नसताना तो रोज सकाळी येतोच आहे. रोजची भक्ती म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हे स्तोत्र पुढे करेन.

मंडळीने पूर्वीपासून स्तोत्रं क्रमाने वाचली, याचं मोल मला इथे कळतं. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांना आठवड्याभरात सगळी १५० स्तोत्रं म्हणायला लावली. १५४९ साली इंग्लंडमध्ये छापलेल्या प्रार्थनापुस्तकात तीच महिनाभरात, सकाळ-संध्याकाळ वाटून दिली. त्या वाटणीत स्तोत्र ८८ महिन्याच्या १७ तारखेला सकाळी येतं. त्या दिवशी घरात बारसं असो की लग्न, ते वाचायचं. कॅथलिक मंडळीच्या रात्रीच्या प्रार्थनेत ते दर शुक्रवारी येतं. आपण सुखात असतो त्या दिवशी हे स्तोत्र आपलं नसतं, कुणा दुसऱ्याचं असतं, आणि त्या दुसऱ्यासाठी आपण ते म्हणतो. वचन निवडून वाचणाऱ्याला हे घडत नाही. तो आपल्या मनाच्या बाहेर पडतच नाही.

आणि हा दुसरा कोण, याचं उत्तर ख्रिस्ती माणसासाठी क्रुसापाशी येऊन थांबतं. शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाले, असं मार्क सांगतो. वल्हांडणाच्या रात्री ११३ ते ११८ ही स्तोत्रं म्हणण्याचा यहुदी रिवाज पाहता ती तीच असावीत असं मानतात. दुसऱ्या दिवशी क्रुसावर त्याच्या तोंडी आली ती स्तोत्र २२ ची पहिली आरोळी, देवाने टाकल्याची. मत्तय आणि मार्क दोघेही ती नोंदवतात. लूकच्या शुभवर्तमानात त्याचे अखेरचे शब्द स्तोत्र ३१ मधले आहेत. देवाच्या पुत्राने मरणाच्या घटकेला लहानपणापासून म्हटलेले, पूर्वजांचे शब्द धरले. ज्या प्रार्थनेची आपल्याला भीती वाटते, ती त्याने केली आहे. त्या बाईंना मी त्या दिवशी हेच सांगितलं.

पंडिता रमाबाईंची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली, नंतर भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षंही पुरी झाली नव्हती तोच १८८२ साली पती गेले, आणि १९२१ साली मुलगी मनोरमा गेली. अशा बाईने केडगावच्या मुक्ती सदनात हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, साध्या, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा भाषेत. ते काम त्यांनी १९२२ च्या एप्रिलमधल्या मृत्यूपर्यंत चालवलं. भाषांतर करणाऱ्याला नकोशी पानं वगळता येत नाहीत. १३ वं, २२ वं, ८८ वं, प्रत्येक स्तोत्र त्यांच्या लेखणीखालून एकेका शब्दाने गेलं.

सूडाची मागणी करणाऱ्या स्तोत्रांबद्दल वाचक हटकून विचारतात, त्यांविषयी थोडक्यात. बाबेलच्या नद्यांकाठी रडणारं स्तोत्र १३७ शेवटी शत्रूच्या लेकरांपर्यंत येतं आणि तिथे वाचणाऱ्याचा आवाज बसतो. १९७१ साली कॅथलिक मंडळीने सुधारलेल्या नित्य प्रार्थनेतून ५८, ८३ आणि १०९ ही स्तोत्रं पूर्ण वगळली, आणि १३७ सारख्यांतली काही वचनंही. त्यामागची काळजी मी समजू शकते. तरीही मला ती वाचावीत असंच वाटतं. ज्याचं घर जाळलं गेलं त्याच्या मनात हे येतंच, आणि ते हातात दगड घेण्याऐवजी देवापुढे बोललं जावं. सूड घेणं माझं काम आहे असं देव म्हणतो, याची पौल रोमकरांना आठवण देतो, आणि ही स्तोत्रं सूड त्याच्याच हाती सोपवतात. लहान मुलांसमोर किंवा एखाद्याच्या नावाने शाप म्हणून मात्र ती कधीच वाचू नयेत.

या आठवड्याच्या वाचनासाठी ४२ आणि ४३ ही स्तोत्रं एकत्र घ्या. दोन्हींत एकच पालुपद तीनदा येतं, म्हणजे मुळात ते एकच गीत असावं. ८८ रात्री, घरातली माणसं निजल्यावर, मोठ्याने वाचा आणि वाचून झाल्यावर त्याला आपल्या पदरचं दिलासा देणारं वाक्य जोडू नका. शुक्रवारी २२ वाचा, पण पहिल्या वचनावर न थांबता एकतिसाव्यापर्यंत. ज्यांच्याजवळ गाऱ्हाणं आहे त्यांनी त्यानंतर ते आपल्या घरच्या बोलीत देवाला सांगावं, शब्द नीटनेटके करत न बसता. ज्यांच्याजवळ या आठवड्यात काहीच गाऱ्हाणं नाही त्यांनी मंडळीतल्या एका माणसाचं नाव घेऊन ही स्तोत्रं वाचावीत, आणि जमलं तर रविवारी त्या माणसाच्या शेजारी बसावं.

पुढच्या भागात स्तोत्र ७३ : दुष्टांची भरभराट पाहून आसाफाचा पाय घसरायला आला होता, आणि तो पवित्रस्थानात जाऊन सावरला, ते कसं, हे पाहू.