टी पेशी नेमकं काय ओळखतात?

कोरोनाच्या काळात अनेकांनी लॅबमध्ये पैसे मोजून अँटिबॉडीची पातळी तपासली आणि आकडा कमी आला म्हणून हाय खाल्ली. तो आकडा रक्तातल्या प्रतिपिंडांचा. पेशीत शिरलेल्या विषाणूपर्यंत प्रतिपिंडं सहसा पोचत नाहीत. तिथे काम टी पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचं, आणि त्यांची मोजदाद त्या तपासणीत होतच नाही.

टी पेशींना अख्खा विषाणू दिसतो, हाही गैरसमजच. आपल्या बहुतेक पेशी आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे एचएलए नावाच्या रेणूच्या खाचेत बसवून पृष्ठभागावर मांडत असतात. मारक टी पेशी चाचपते ते तुकडा आणि खाच, दोन्ही मिळून. 1987 मध्ये हार्वर्डला पामेला ब्योर्कमन, जॅक स्ट्रॉमिंजर, डॉन वायली आणि सहकाऱ्यांनी या रेणूची रचना उलगडली, तेव्हा ती खाच प्रथम दिसली. तिच्यात साधारण आठ ते दहा अमिनो आम्लांचा तुकडा मावतो. एचएलए माणसागणिक वेगळा, म्हणून एकाच विषाणूचा कुठला तुकडा कुणाला ‘दिसेल’ हेही वेगळं. हा फरक किती मोलाचा, ते एचआयव्हीत दिसतं. एचआयव्हीची लागण होऊनही औषधांविना विषाणू दबलेला राहतो, अशी माणसं शंभरात एकही नसतात. बोस्टनच्या ब्रूस वॉकर आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये अशा सुमारे हजार जणांची जनुकं तपासली. इतर रुग्णांच्या तुलनेत मुख्य फरक सापडला तो एचएलए-बी या प्रकाराच्या याच खाचेत, मोजक्या अमिनो आम्लांत.

सगळ्यांत चिवट समजूत म्हणजे टी पेशी लागण झालेल्या पेशींना फक्त मारतात. पण हिपॅटायटिस बीमध्ये यकृतातल्या बहुतेक पेशींना लागण होऊ शकते. त्या सगळ्या मारल्या तर रोगी वाचेल कसा? कॅलिफोर्नियात स्क्रिप्स संस्थेत लुका ग्विडोटी आणि फ्रान्सिस किसारी यांनी 1996 मध्ये उंदरांवर दाखवलं, की टी पेशींनी सोडलेली इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ ही रसायनं यकृतपेशीला जिवंत ठेवूनच आतला विषाणू नामोहरम करतात. पुढे 1999 मध्ये चिंपांझींतही विषाणूचा बहुतांश डीएनए यकृताची मोठी हानी होण्याआधीच नाहीसा झालेला आढळला. मारणं होतंच, नाही असं नाही. या आजारात यकृताचं नुकसान विषाणूपेक्षा मुख्यतः आपल्याच टी पेशी करतात. त्यांचा जोर वाढला म्हणजे भलंच झालं, असं म्हणूनच म्हणता येत नाही.

तेव्हा ‘इम्युनिटी वाढवणारी’ बाटली कुणी पुढे केली, तर कुठल्या विषाणूच्या कुठल्या तुकड्याविरुद्ध, एवढं जरूर विचारा.